दीड इंची भीती

केदारखेड्याच्या फाट्यावर साहेबरावचं वेल्डिंगचं दुकान होतं. माणूस कामाला चोख, पण महाभित्रा. नळीची साइज ठरवताना त्याच्या डोळ्यांपुढे आधी अपघात उभा राहायचा: पलंग मोडला, खाली खेळणारं लेकरू सापडलं, लोक दुकानावर चालून आले. मग एक इंचीच्या जागी दीड इंची नळी लागायची. त्यानं केलेलं फाटक उघडायला दोन गडी लागत.

१९९६ साली राजूरच्या जत्रेआधी देवानंद दुकानात आला. 'मौत का कुआँ'त, फळ्यांच्या त्या उंच पिंपात, आतल्या उभ्या भिंतीवर मोटार पळवणारा. गाडीचं इंजिन, चाकं धड होती. सांगाडा पार गंजला होता.

"नवा सांगाडा करा, मिस्त्री. पण हलका. जड गाडी वेग घेत न्हाई. अन् वेग तुटला की मी खाली."

साहेबरावनं कोपऱ्यातली जाड नळी उचलली. "दीड इंची घालू का?"

"पलंग करून राह्यले का? एक इंची घाला. जोर येतो तिथं तिरप्या नळ्या द्या."

"अन् मोडली तर?"

"मंग मला कुठं कळणार? तुम्हालाच कळंल!"

देवानंद खदखदून हसला.

सांगाडा एक इंचीचाच झाला. पण गाडी न्यायच्या आदल्या दिवशी साहेबरावला राहवेना. पुढच्या चाकाजवळची नळी कापून त्यानं तिथं दीड इंचीचा जाड तुकडा जोडला आणि वरून काळा रंग मारला. त्याची बायको बेबीनंदा रंगाचा डबा धरून उभी होती.

"त्याला सांगितलं का?"

"कशाला? एवढ्याशानं काय वजन वाढतं! मला झोप लागंल."

"झोप तुम्हाला, अन् गाडीत बसणार तो. वा!"

जत्रेच्या दिवशी दुपारी, लोक यायच्या आधी, गाडीची चाचणी झाली. दोघं नवरा-बायको पिंपाच्या वरच्या कठड्यापाशी उभे राहिले. गाडी गरगरत वर चढली. फळ्या धडधडायला लागल्या, पायाखालचा माळा हलायला लागला. त्या धडधडीत साहेबरावला वेगळाच आवाज आला. कट्. पुढच्या फेरीला पुन्हा, गाडी बरोबर त्याच्या खालून जाताना. कट्.

"नंदे, तडकून राह्यलं!"

"मंग वरडा की!"

साहेबरावनं तोंड उघडलं. ओरडलं तर देवानंद दचकेल. दचकला तर पाय ब्रेकवर जाईल. ब्रेक लागला तर... साहेबरावनं ओठ आवळले. पोट कठड्यावर टेकून तो वाकला आणि उघडा तळहात सावकाश खाली दाबत राहिला. हळू. खाली. हळू. देवानंदची नजर त्या हातावर गेली. फेऱ्या एकेक करत खाली उतरल्या, गाडी तळाला टेकली. साहेबराव जिना उतरून धावत आत गेला.

गाडी कलती करून पाहिली. जाड तुकडा जसाच्या तसा. त्याला लागून असलेली बारीक नळी मात्र वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेनं निम्मी फाटलेली. जाड लोखंडाला लागेल एवढी आच देताना शेजारचं बारीक जळून गेलं होतं, आणि सगळा धक्का तिथंच बसत होता.

देवानंदनं चिरेवरून बोट फिरवलं. त्याचाही रंग उडाला होता. "हितं दीड इंची कुठून आली?"

"मी भ्यालो, बाबा."

"मी तर रोजच भितो. पण मला सांगून भ्या ना, मिस्त्री!"

साहेबरावनं दुकानातून वेल्डिंगचं सामान मागवून तो तुकडा आणि फाटलेला भाग कापून काढला, एक इंची नळी बसवली. तोवर बाहेर लोक जमले होते. मधेच तो थांबला. "हात थरथरून राह्यला."

"थांबा मंग. पाणी प्या. बोंबलू द्या लोकांना."

काम झालं तरी देवानंद गाडीत बसला नाही, शेजारी उकिडवा बसला. "अजून कुठं भीती वाटती? बोट ठेवा."

साहेबरावनं डाव्या सांध्यावर बोट ठेवलं. "हितं."

"बघा मंग."

त्यानं घासून पाहिलं, ठोकून पाहिलं, आणि बोट पुढच्या सांध्यावर नेलं. "अन् हितं."

बाहेर लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली होती.