नुसता फ्लॅश

रिसोडहून वाशीमला जाणाऱ्या जीपमध्ये मी मोबाइलवर जुना सिनेमा पाहत होते. शेजारचे म्हातारेबुवाही बिनदिक्कत पाहू लागले. पडद्यावरचा फोटोग्राफर नायिकेचे धडाधड फोटो काढत होता.

"हा कॅमेऱ्यातला रोल कवा बदलते, बाई?" ते म्हणाले. "म्या जिंदगीभर लग्नाचे फोटो काढले. हौशी पाहुण्यायले आमी रोल वाचवाले नुसता फ्लॅश मारत होतो. फोटो निघेच नाही."

"ही तर फसवणूक झाली!"

"काहून? तोंडावर उजेड पडला का मानूस खूश."

मी तोंड फिरवलं. वाशीमला उतरल्यावर त्यांनी रिकामे हात कॅमेऱ्यासारखे डोळ्यापुढे धरले, एक डोळा मिटला. "बाई, इकडे पाहा."

मी ओढणी सारखी केली आणि चक्क हसले.