ताईच्या कातडीचा तुकडा

"खुर्चीवर पेपर टाक, मग बसव तिला."

डॉक्टर मला म्हणाले. 'तिला' म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला. साठीच्या बाईला. त्याआधी त्याच खुर्चीत वर्ध्याच्या एका दुकानदाराची बायको बसून गेली होती. तिलाही सोरायसिसच. कोपरांवर, पाठीवर तसेच लाल चट्टे, तसेच खवले. तिला "काकू, बसा." पेपर नाही. मग ताई आली. डॉक्टरांनी नाव विचारलं. आडनाव ऐकलं. पेपर आला.

मी तो टाकला. माझ्या हातांनी.

भोवती विद्यार्थी उभे. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने ताईचा पदर बाजूला सारला. "हा आजार स्पर्शाने पसरत नाही. लक्षात ठेवा." मग मला, "ती उठली की खुर्ची पुसून घे."

कुणी विचारलं नाही की आजार पसरत नाही, तर पुसायचं काय? मीही नाही.

त्या दवाखान्यात मी कंत्राटी कामगार. कातडीच्या विभागात बायोबँक आहे. रुग्णांच्या कातडीचे मसुरीएवढे तुकडे काढून गोठवून ठेवतात, पुढे अभ्यास करता यावा म्हणून. अभ्यास व्हायलाच हवा. ताईने या आजारात उभं आयुष्य खाजवत काढलंय. पण खेड्यातल्या रुग्णांना डॉक्टरांची भाषा परकी, म्हणून समजावण्याचं काम माझं. "मुंगी चावल्यावानी लागन, माय. पुढच्या लोकाइले फायदा होईन." आमच्या वस्तीतली माणसं माझ्या शब्दावर सही करायची. संमतीपत्रातलं शेवटचं एक वाक्य मी गाळायचो. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, तुकडा नष्ट करतील, औषध थांबणार नाही. डॉक्टरांची ताकीद होती, "एवढं सांगत बसलास तर एकही उरणार नाही." दुकानदाराच्या बायकोला मात्र ते स्वतः सांगत होते. शेवटच्या वाक्यासकट.

ताईलाही मी ते वाक्य गाळूनच सांगितलं. तुकडा काढून झाला. ताई बाहेर बाकावर बसली. दंडावर पट्टी.

"बाबू, त्या बाईले पेपर काऊन नाई टाकला?"

मी तिची पट्टी नीट दाबून बसवली.

"माह्या अंगाले भेते, अन् माही कातडी फ्रिजात ठेवते. लोनचं घालते का तिचं?" ती हसली. मग हसणं थांबलं. "मले नाई ठेवाची इथं. वापस भेटते का?"

'नाही' म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. मी शिकलेला, म्हणून ती माझं ऐकते. कंत्राट डोळ्यांपुढे आलं. तरी तोंडून निघालं, "वापस नाई भेटत. पन नष्ट कराले लावता येते. गोळ्या बंद नाई करू शकत."

"मंग हे आंधी काऊन नाई सांगतलं?"

"डॉक्टर नाई म्हने."

"अन् तू कोनाचा व्हय?"

आम्ही आत गेलो. मी सांगितलं, ताईचा तुकडा नष्ट करा. डॉक्टरांनी मान वर केली नाही. "हा काय पोरखेळ आहे? घरी ने तिला."

"तिचा हक्क आहे, सर."

आता मान वर आली. "तुमच्या लोकांना जवळ केलं की हे असं होतं."

विद्यार्थी ऐकत होते. बरं झालं.

"जवळ केलं नाही, सर. पेनाने पदर उचललात. तुकडा नष्ट करा. आम्ही इथंच उभे आहोत."

आम्ही उभे राहिलो. दुपार टळली. नष्ट केल्याचं लेखी हातात पडलं तेव्हाच निघालो. दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं, महिनाअखेरपर्यंतच ये.

महिनाअखेरपर्यंत जो रुग्ण येईल त्याला ते वाक्य सर्वांत आधी सांगणार आहे. मोठ्याने. दार उघडं ठेवून. ज्याला द्यायचं तो देईल, खुर्चीत नीट बसून देईल. त्यानंतर सेलूकडच्या वस्त्यांत दारोदार जाणार आहे. ज्यांचे तुकडे माझ्या शब्दावर तिथे गोठून पडलेत, त्यांच्याकडे. माणसं चिडतील. शिव्या देतील. त्यांची प्रत्येक शिवी मी ऐकून घेईन. डॉक्टरांचा एक शब्द नाही.