काळ्या मसाल्याची लाल-हिरवी पुडी

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. कोणता रंग मनावर काय परिणाम करतो, हे केजच्या शाळेत मी इतक्या वर्गांना शिकवले आहे की शिकवताना आता विचार करावा लागत नाही.

धाकटी बहीण युसूफ वडगाव या गावी दिलेली. मेहुणे आजारपणात गेले तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. दिराच्या शेतात राबून त्याच्या चुलीवर जेवायचे नाही, या एका हट्टापायी तिने काळा मसाला करायला घेतला. मसाला उत्तम होता. पण किराणा दुकानातल्या चकचकीत पाकिटांपुढे तिच्या साध्या पिशव्या कुणाच्या नजरेत भरत नसत.

"दादा," ती म्हणाली, "एवढ्या पोरांना रंग शिकवतोस, मला एक पुडी करून दे की."

मी पद्धतशीर काम केले. लाल रंग भूक चाळवतो. हिरवा ताजेपणा सुचवतो. पिवळा दुरून दिसतो. निळा विश्वासाचा खरा, पण खाण्याच्या वस्तूवर थंड पडतो, म्हणून वगळला. गिऱ्हाइकाची नजर चेहऱ्यावर थांबते, हेही मला ठाऊक होते. तिचा लग्नानंतरचा एक फोटो माझ्याकडे होता, तोच पुडीवर घेतला. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरवा चुडा. लाल आणि हिरवा वर्णचक्रात समोरासमोर येतात. शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात. मी दोन्ही अधिक गडद करून घेतले.

"सर, मसाला हाय का लग्नपत्रिका?" छापखानेवाला हसला.

"नजर कुठे थांबली तुमची?" मी विचारले.

"बाईच्या कपाळावर."

मला समाधान वाटले.

बहिणीने पुडी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि "झकास झालीय" एवढेच म्हणाली. ते आनंदानेच, असे मी धरून चाललो.

केजच्या आठवडी बाजारात ती पहिल्यांदा बसली, तेव्हा मी मुद्दाम गेलो. माणसे खरोखरच थांबत होती. तेवढ्यात तिच्या गल्लीतली एक वयस्क बाई आली. तिने पुडी उचलली, एकदा पुडीकडे आणि एकदा बहिणीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले.

"ही तूच हायेस का गं? आन् हे कुंकू कुणाच्या नावाचं लावलंस?"

शेजारची भाजीवाली तोंडाला पदर लावून हसली. दुसरी एकजण म्हणाली, "आता गं बया! पुडीवर सवाशीण झाली की!"

 बहिणीने एकेक पुडी पालथी घातली. घेतलेली पुडी एका बाईने परत ठेवली. सणाच्या स्वयंपाकाला हवाय, म्हणाली.

दुपारी जीपची वाट पाहताना मी म्हणालो, "छापखान्यात सांगतो. कुंकू पुसून, हात मोकळे करून नव्याने छापू. एका दिवसाचे काम."

"नको, दादा."

"अगं, पण विकायच्या तर आहेत."

"एकदा पुसलंय समद्यांनी मिळून. तूबी हुतास. आता कागदावरचं तरी पुसू नकोस."

मी होतो. तेराव्याला माहेरची साडी न्यायची असते, म्हणून केजच्या दुकानात तासभर उभा राहून मी फिकट राखी रंग निवडला होता. पांढरा फार कठोर दिसेल आणि गडद रंगाला लोक नावे ठेवतील, असा माझा हिशेब होता. तिला कोणता हवा, हे तेव्हाही विचारले नव्हते.

जीप आली. पुड्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन ती बायकांच्या बाजूला बसली. त्या पुड्या तिने पुन्हा बाजारात आणल्या नाहीत. आता दिराच्या शेतात जाते.