‘मॅनेज्ड’च्या पुढचं ‘टू’

मागच्या महिन्यात एका भर दुपारी आमच्या कोल्ड रूमची लाइट गेली. जबलपूरचं ऊन तर माहीतच आहे तुम्हाला... जनरेटर तीनदा घुरघुरला आणि गप्प झाला.

मी औषधांच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे स्टोअर सांभाळते, बारा वर्षं झाली. त्या दिवशी आत लहान मुलांच्या लसी होत्या. त्यांना दोन ते आठ डिग्रीतच ठेवावं लागतं आणि बिघडलेली लस दिसायला अगदी चांगल्या लसीसारखीच असते.

आमचे इन्चार्ज वानखेडे सर पाटनला गेलेले. म्हणजे मी आणि आमचे लोडर रामदीन भैया, दोघंच. "चलो भैया, सब आइस बॉक्स में डालते हैं," मी म्हटलं.

बर्फाचे पॅक काढले, पण लगेच लावले नाहीत. त्यांना पाणी सुटेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर लस गोठते आणि गोठलेली लसही वायाच. कोल्ड रूमचं दार बंद ठेवून आम्ही दोघं त्या पॅककडे बघत उभे... ती पंधरा-वीस मिनिटं सरता सरेनात.

सहा बॉक्स भरले, प्रत्येकात एक थर्मामीटर ठेवला. साडेतीन तासांनी लाइट आली, तोवर एकाही बॉक्सचा आकडा सातच्या वर गेला नव्हता.

मग रजिस्टर भरलं. शेऱ्याला त्यात बोटभर जागा आणि शेरा इंग्रजीतच हवा. मी लिहिलं, ‘पॉवर फेल्ड. आय मॅनेज्ड द टेंपरेचर.’ आणि खाली झोकात सही ठोकली.

आठ दिवसांनी ऑडिट आलं. दिल्लीच्या एक मॅडम, कमी बोलणाऱ्या. कोल्ड रूमच्या भिंतीवर तापमान आपोआप नोंदवणारं एक यंत्र आहे, त्याचा कागद त्यांनी माझ्या रजिस्टरशेजारी ठेवला. कागदावर त्या दुपारचं तापमान चौदा, माझ्या रजिस्टरमध्ये सहा... आणि पुढे माझं ते वाक्य.

"आपने टेंपरेचर मॅनेज किया?"

"जी मॅडम," मी म्हटलं. चांगलं हसून म्हटलं!

त्यांचा चेहरा बदलला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे ‘मॅनेज’ काय काय करतात, तुम्हाला सांगायला नको... सर्टिफिकेट मॅनेज करतात, साहेब मॅनेज करतात. मी स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं होतं की आकडे मी बनवले!

आणि लसी तर केव्हाच दवाखान्यांत पोचल्या होत्या. काही बाळांना टोचूनही झाल्या असतील.

वानखेडे सरांनी मला बाजूला घेतलं. आमची घरची भाषा एकच, त्यामुळे ते माझ्याशी मराठीतच बोलतात. "काहून ताणून राहिल्या ताई? आकडे चुकले म्हणून लिहून द्या, माफी मागून टाका. मी बोलतो त्यांच्याशी." सर वाईट नाहीत... त्यांना खरंच मला वाचवायचं होतं.

पण मी म्हटलं, "सर, चूक माझ्या इंग्रजीत आहे, कामात नाही. आकडे खोटे होते असं मी लिहिलं, तर त्या बाळांच्या आईबापांनी काय समजायचं?"

परत आत गेले. मॅडमना सरळ हिंदीत सांगितलं... यंत्र भिंतीवर राहिलं, लसी बॉक्समध्ये होत्या, म्हणून दोन आकडे वेगळे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोई सबूत?"

होता! त्या दिवशी मी चष्मा घरी विसरले होते. थर्मामीटरचे बारीक आकडे दिसेनात, म्हणून दर अर्ध्या तासाने मोबाइलवर फोटो काढून, मोठे करून वाचत होते. चाळीसेक फोटो, सगळे वेळेसकट तसेच पडलेले.

मॅडमनी एकेक फोटो रजिस्टरशी ताडून बघितला. रामदीन भैयांना बोलावून वेगळं विचारलं. पाऊण तास गेला... मी उभीच होते.

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "अब वही बात ठीक से लिखिए."

मी लिहिलं, ‘आय शिफ्टेड द व्हायल्स टू आइस बॉक्सेस अँड मॅनेज्ड टू केप्ट देम बिलो एट डिग्रीज.’ मॅडम पहिल्यांदा हसल्या. "टू के बाद ‘कीप’ आएगा, ‘केप्ट’ नहीं. लेकिन ये ‘टू’ बहुत ज़रूरी था... मतलब मुश्किल था, फिर भी आपने कर दिखाया."

मी ‘केप्ट’चं ‘कीप’ केलं. त्या कागदावर आम्ही दोघींनी सह्या केल्या आणि तो रजिस्टरला जोडला.

आता हे क्रियापद माझ्या हातात आलंय. ‘आय मॅनेज द स्टोअर’ म्हणजे स्टोअर मी चालवते. ‘आय मॅनेज्ड टू कॅच द बस’ म्हणजे रांझीची बस पळत जाऊन पकडली. दोन्ही मी रोज करते आणि दोन्ही आता न अडखळता सांगते.

मॅडम ही पोस्ट वाचणार नाहीत, त्यांना मराठी येत नाही. तरी थँक यू, मॅडम... माझ्याबद्दलचा शेरा लिहायच्या आधी तुम्ही मला विचारलंत.