आधी वाचून दाखवणारा माणूस

सलीमभाई गेल्याचं भाभींनी फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. करमाळ्याच्या कोर्टात तारीख होती. सकाळच्या एसटीनं ते गेले, समोरचा वकील आलाच नाही, म्हणून पुढची तारीख घेऊन परत निघाले आणि स्टँडवरच्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. परवा त्यांचा चाळिसावा झाला. माझा राग तसाच आहे.

सोलापुरात ते चार पानी साप्ताहिक काढायचे. मालक, संपादक, बातमीदार सगळं तेच. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची प्रुफं तपासायचे. त्यांची एक रीत होती. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याच्यापुढं बसून ती पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायची, तो म्हणेल ते खाली लिहून घ्यायचं आणि मगच छापायची. एवढी पायपीट कशाला, फोन करा की, असं मी म्हणायचे.

“बाई, कुणाबद्दल वाईट लिवायचं तर त्याच्या तोंडाकडं बघून लिवावं की.”

कुंभारीकडं एका कामगार वसाहतीत नवी बांधलेली पाण्याची टाकी वर्षाच्या आत गळायला लागली. सलीमभाईंनी फोटो काढले, तिथल्या बायकांशी बोलले आणि नेहमीप्रमाणे कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन बातमी वाचून दाखवली. त्यानं चहा पाजला, बोलला काहीच नाही. बातमी आली आणि मागोमाग अब्रुनुकसानीचे दोन खटले आले, एक सोलापुरात, एक करमाळ्यात. हा संपादक छापण्याआधी ऑफिसात येऊन धमकावून गेला, असं त्यात लिहिलं होतं... ज्या सवयीचा आम्हाला अभिमान, तीच त्यांच्या गळ्याशी आली. आणि करमाळा का, तर तिथंही अंक वाचला जातो म्हणे. तिथं अंक जायचा एकच, सलीमभाईंच्या बहिणीकडं.

दोन कोर्टं म्हणजे दोन वकील. कंत्राटदाराचा वकील पुण्याहून गाडीनं यायचा, आणि आला नाही तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. आमच्या वकिलांना मी दोष देत नाही, त्यांनाही पोट आहे. पण तारीख पडली तरी फी, पुढं ढकलली तरी फी. आधी छपाईचं मशीन विकलं. मग चार पानांची दोन झाली, आणि एका आठवड्यात अंक निघालाच नाही. खटला जिंकायची त्या कंत्राटदाराला गरजच नव्हती, तो नुसता चालू ठेवायचा होता. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

मध्येच निरोप आला, माफीची चौकट छापा, दोन्ही खटले मागं घेतो. छापून टाका, असं मीच म्हणाले. याची मला आज लाज वाटते.

“टाकी गळतीय का न्हाय, बाई?”

“गळतेय.”

“मग माफी कशाची मागू?” एवढं बोलून त्यांनी एसटीच्या वेळा बघितल्या.

ते गेल्यावर आमचे वकील म्हणाले, आरोपी मयत, प्रकरण बंद. म्हणजे बातमी खरी की खोटी, हे कुठल्याच कोर्टानं तपासलं नाही. टाकी अजून गळतेय, तिथल्या बायका बादल्या घेऊन टँकरची वाट बघतात.

भाभींनी मला त्यांची पेन्सिल दिली, समोरच्याचं म्हणणं लिहून घ्यायची. काल ती घेऊन मी कंत्राटदाराच्या ऑफिसात गेले, सलीमभाई बसले असतील त्याच खुर्चीत बसले आणि हा लेख इथपर्यंत त्याला वाचून दाखवला. त्यानं मलाही चहा मागवला. तुमचं म्हणणं सांगा, मी खाली लिहून घेते, असं मी म्हटलं. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला आणि बोलला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, म्हणून तेवढंच छापायला देत आहे.

“वकील बघून ठिवलाय का, बाई?”