उन्हात वाळत घातलेलं कापड

पुंडलिकनगरातल्या घरात, आतल्या खोलीच्या कपाटाला गर्भपिशवीचं चित्र चिकटवून मी खेड्यातल्या मुलींचा ऑनलाइन वर्ग घेत असे. शेजारणींना इंग्रजीची शिकवणी आहे असं सांगून ठेवलं होतं. त्यांना कोण समजावत बसणार?

दौलताबादच्या पलीकडच्या एका गावातली नववीतली मुलगी आईचा फोन घेऊन अंगणात बसायची. पाळीचं कापड कडक उन्हात वाळवा, असं मी शिकवलं, त्या दिवशी वर्ग संपल्यावर ती एकटीच थांबली.

"ताई, उन्हात घातलं तर दिसंल की."

"दिसू दे. त्यात लाजायचं काय?"

"लाजत नाय मी. मला पाळी आली हे घरात कुणालाच ठाव नाय. आत्या मला तिच्या पोरासाठी मागायलीय. पोरगी शहाणी झाली की नेणार, असं ठरलंय."

माझं डोकंच फिरलं. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, मी तुझ्या वडिलांशी बोलते, म्हणाले. तिने हात जोडले. बोललात तर फोनही जाईल आणि शाळाही, म्हणाली. मग मीच तोडगा सुचवला, कापडावर पातळ ओढणी टाक. लाजू नका म्हणून घसा कोरडा करणारी मी तिला लपवायला शिकवत होते, याचा मला भयंकर राग आला.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "पिशवी काढल्यावर पाळी येती का?"

"नाही येत. का गं?"

"आईची काढली ना. दवाखान्यात आत्याच होती तिच्यासंगं."

पुढच्या वर्गाच्या वेळी आत्या मुक्कामाला आल्याचं मुलीने आधीच कळवलं होतं, म्हणून मी मुद्दाम आहाराचा विषय काढला. मुलीच्या मागे दोरी होती आणि दोरीवर हिरवी ओढणी. आत्या वाळलेले कपडे काढत काढत तिकडे सरकत होती. मुलीची पाठ होती, तिला काही दिसत नव्हतं. फोन स्पीकरवर, मी सावध करायला जावं तर आत्याला ऐकू जाणार. मी पालेभाज्यांचे फायदे सांगत राहिले.

आत्याने ओढणी उचलली. खालचं कापड घेऊन ती मुलीजवळ आली.

"कुणाचं गं हे?" आवाज लई मायेचा.

मुलीने फोनकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात चुलीपुढून तिची आई उठून आली, हाताला पीठ तसंच.

"माझं हाय ते," आई म्हणाली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. आणि ती खोटं बोलतेय हे त्या अंगणातल्या तिघींना आणि मला, सगळ्यांनाच कळत होतं.

आत्याने कापडाची नीट घडी घातली, घडीवरून हात फिरवला.

"व्हय का, वयनी?" ती म्हणाली.