पत्र्याच्या डब्यातल्या छड्या

निवड चाचणीच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, शिरवणे गावामागच्या मैदानावर एका सोळा वर्षांच्या मुलीची दोन बोटं छडीनं मोडली गेली. मुलगी थाळीफेक करायची. छडी चालवणाऱ्या बाई तिच्या प्रशिक्षक, आमच्या मॅडम, एके काळी देशाचा कोट घालून परदेशात थाळी फेकून आलेल्या. फेक मोजायच्या टेपचं टोक धरून आठ पावलांवर मी उभी होते. वेळ पाठ आहे, कारण मी घड्याळाकडे बघत होते. छडी चालू असताना मॅडमकडे बघायचं नसतं. ते आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

मॅडम शिरवण्याच्याच. वडील मिठागरात होते. शाळेच्या स्पर्धेत पोरीनं पहिल्यांदा थाळी फेकली ती पंचाच्या टेबलापलीकडे पडली, आणि दुसऱ्या दिवशीपासून एका सरांनी तिला ताब्यात घेतलं. ताब्यात, हा मॅडमचाच शब्द. त्या सरांनी तिला दहा वर्षं मारलं. लोखंडी पाइपानं पोटऱ्यांवर, पट्ट्यानं पाठीवर, आणि परदेशी जायच्या आदल्या आठवड्यात डाव्या हातावर. मॅडमची डाव्या हाताची करंगळी अजून वाकत नाही. वॉर्मअपला आम्ही गोल बसलो की ती करंगळी हवेत नाचवून दाखवायच्या. "ह्यो बगा माजा पयला मेडल. गल्यात घालाय येत नाय, नायतर तोबी घातला असता!" आम्ही पोट धरून हसायचो. मीसुद्धा.

पुढे गुडघा गेला, फेक संपली, सरकारी नोकरी लागली. तरी रोज पहाटे मॅडम स्कूटरवरून मैदानात हजर. हँडलला उकडलेल्या अंड्यांची पिशवी. मागच्या कारखान्यांचा आंबूस धूर फेकीच्या सर्कलभोवतीच्या जाळीला चिकटलेला असायचा आणि त्या ओरडत असायच्या, "कंबर फिरव गो! थाली हातान् नाय, कंबरेन् जाते!" आमच्यापैकी निम्म्या पोरींना सकाळचं पोटभर खाणं तिथंच मिळायचं. हे लिहिणं मला भाग आहे. मॅडम राक्षस असत्या तर हे प्रकरण दोन दिवसांत मिटलं असतं.

आणि छड्या. सामानाच्या खोलीत खाद्यतेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. नवीन पोर दाखल व्हायचं तेव्हा आईबाप नारळ, पेढे आणि वेताची एक छडी घेऊन यायचे. कुणी सुरू केलं ठाऊक नाही, पण सगळे करायचे. मॅडम छडीला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पोरीचं नाव लिहायच्या आणि डब्यात उभी करायच्या. प्रत्येक पोरीला तिच्याच घरून आलेल्या छडीचा मार. माझी आई सोसायटीत शिकवण्या घेते, स्वतःच्या वर्गात कधी कुणाला बोट लावलं नाही तिनं. तिनंही छडी आणली होती, लाल रिबन बांधून.

सरावात फाऊल झाला, सर्कलबाहेर पाय पडला, की एक छडी. हात जाळीच्या लोखंडी खांबावर ठेवायचा आणि वरून मार. नियम एकच. फेकायच्या हाताला कुणी शिवायचं नाही. तो हात देवाचा. म्हणून मॅडमची आरोळी ठरलेली, "डावा ठेव!" मी सात वर्षं डावा ठेवला. थंडीत लोखंड गार असतं, त्यावर बोटं आधी बधिर होतात आणि छडी बसली की खांद्यापर्यंत वीज चढते. एकदा मी हात मागे ओढला. मॅडमनी मानेला धरून माझं कपाळ खांबावर आपटलं. भुवईतला व्रण घरी 'पडले' म्हणून खपला.

मी जिल्ह्याच्या पुढे गेले नाही. पाठ दुखावली, फेक सुटली, मी पत्रकं लिहायला लागले. एका बिल्डरनं मैदान ट्रक पार्किंगसाठी लाटायचा घाट घातला होता, त्याविरुद्ध आमची समिती झाली. स्टेशनबाहेर, एपीएमसी मार्केटच्या गेटवर, कोपरखैरण्याच्या गल्ल्यांतून मी पत्रकं वाटली. पहिल्या पानावर मॅडमचा फोटो, देशाचा कोट घातलेला. खाली माझी ओळ : 'या मातीनं देशाला थाळीफेकपटू दिली.' टेप धरायला मात्र रोज सकाळी जायचे.

ती मुलगी कोपरखैरण्याची. वडील मूळचे साताऱ्याकडचे, कांदाबटाटा मार्केटात माथाडी. गोणी उचलून त्यांची मान एका बाजूला कलली आहे. दाखल करताना छडी दोन्ही हातांवर आडवी धरून त्यांनी मॅडमना दिली. "मारा मॅडम, पर घडवा. हाडं तेवढी ठेवा, बाकी पोरगी तुमची." मुलीनं पहिली थाळी फेकली आणि मॅडम उभ्या जागी नाचल्या. मुलगी डावरी होती. आम्ही सगळ्या ज्या बाजूनं फिरतो त्याच्या उलट ती फिरायची. मॅडमकडे त्याआधी डावरं कुणी आलंच नव्हतं. जाळीचं दार तिच्यासाठी रोज दुसऱ्या बाजूला सरकवायला लागायचं. दार आम्ही आठवणीनं सरकवायचो.

नव्या पोरींना आधी पोटऱ्यांवरच मार, म्हणून आठ महिन्यांत तिच्या हाताला छडी लागली नव्हती. त्या मंगळवारी तिनं लागोपाठ तीन फाऊल केले. चाचणी रविवारवर आलेली, मॅडमचा पारा चढलेला. "तीन! चाचनीला हेच करशील आनि खाली मान घालून घरी जाशील! आन छडी. डावा ठेव!"

मुलीनं स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात खांबावर ठेवला.

मला कळलं होतं. पहिली छडी पडायच्या आधी कळलं होतं. "मॅडम, हा तिचा फेकायचा" इतकंच बोलायचं होतं. मी घड्याळात बघितलं. पहिल्या छडीला ती ओरडली. दुसरीला गुडघ्यावर बसली, पण हात खांबावरून काढला नाही. तिसऱ्या छडीचा आवाज वेगळा आला, सुकी शेंग फोडल्यासारखा. तर्जनी मधूनच बाजूला वळली. तिच्या शेजारचं बोटही मोडलं, नख फाटून खांबावरून रक्त ओघळलं.

मॅडमनी छडी टाकली. "अरे द्येवा. डावरी हाय ही." आणि तिला मिठीत घेऊन त्या रडायला लागल्या.

थाळी हातातून सुटते ती शेवटी तर्जनीवरून. ते बोट गेलं की फेक गेली.

दवाखान्यात वडील मार्केटातून तसेच आले, अंगावर कांद्याची फोलपटं. मुलीचा हात बघितला आणि तिच्याच थोबाडीत मारली. "फाऊल कशाला केलास गं?" मग मॅडमना हात जोडले. "चुकलं पोरीचं. उजव्यावर बसली असती तर काय सुदिक झालं नसतं." मॅडम भिंतीला डोकं टेकून म्हणत होत्या, "मी इसरले. मी कशी इसरले?" समितीतला आमचा एक दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बाहेर गेलं तर मैदान गेलं समज. मॅडमच्या फोटोवर उभंय सगळं. तुझं अक्षर चांगलंय, तूच लिही." मी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं : 'सरावात थाळी बोटांवर पडून दुखापत.' खाली सही केली. इतकी खोटी ओळ मी कुठल्याच पत्रकात लिहिलेली नाही.

रविवारी चाचणी तिच्याविना झाली.

महिनाभरानं मी तिच्या घरी गेले. प्लास्टर निघालं होतं. तर्जनी वाकडी जोडली गेली होती. ती मुठीत लिंबू धरून दाबायचा प्रयत्न करत होती आणि लिंबू निसटत होतं. मी काहीतरी धीराचं बोलले. तिनं लिंबू बाजूला ठेवलं.

"ताई, सगळे एकच म्हणतात, चुकीच्या हातावर मारलं. मग उजव्यावर मारलेलं चाललं असतं?"

मी ते लिंबू उचलून परत तिच्यापुढे धरलं, डाव्या हातानं.

"तुमच्या डाव्या हाताला काय झालेलं?"

मी हात ओढणीखाली घेतला. तिनं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी खरा कागद लिहिला आणि क्रीडा कार्यालयात दिला. समितीनं मला काढलं. "बिल्डरचं माणूस," असं माझ्याच जुन्या पत्रकाच्या मागे लिहून आमच्या जिन्यात चिकटवलं. मॅडमचा एकदा फोन आला. रागावल्या नव्हत्या. "मी मार खाल्ला म्हनून कोट घातला गो. तुमाला मारलं नसतं तर तुमी काय केलं असतं?" मी म्हटलं, "फेकलं असतं, मॅडम." त्यांनी फोन ठेवला.

आता चौकशी लागली आहे, आणि साक्षीदार मी एकटी आहे. त्या सकाळी मैदानावर बारा जणी होत्या. कुंपणापाशी चहा पीत चार बाप उभे होते. कुणी काही पाहिलं नाही म्हणतात, आणि मुलीला तिचे वडील बोलू देत नाहीत. माझ्या एकटीच्या साक्षीवर चौकशी बंद झाली की कागदावर राहणार तीच माझी पहिली ओळ, थाळी बोटांवर पडली. ती मुलगी पुन्हा मैदानात आली आहे. उजव्या हातानं शिकतेय, शून्यापासून. आणि तिची छडी अजून डब्यात आहे. आता फाऊल झाला की डावा हात ठेवायला सांगतील. आता तो फेकायचा हात उरला नाही ना.

माझी छडी मी काढून आणली. रिबन कुजली होती. आईसमोर ठेवली, तिनं ती गुडघ्यावर मोडली आणि मग बराच वेळ माझा डावा हात धरून बसली.

हे वाचणाऱ्यांत त्या डब्यात छडी दिलेले आईबाप आहेत. मला ठाऊक आहे, हा कागद मी तुमच्याच दारात टाकतेय. उद्या सकाळी सहाला मैदानावर या. कुंपणाशी थांबू नका, सामानाच्या खोलीत जा, पोरीच्या नावाची छडी शोधा आणि मॅडमच्या डोळ्यांदेखत मोडा. तिथून थेट क्रीडा कार्यालयात चौकशीला चला आणि त्या मंगळवारी तुम्ही किंवा तुमच्या पोरीनं काय पाहिलं ते तुमच्या अक्षरात लिहून सही करा.